चैत्राची हजेरी

फाल्गुनी पौर्णिमेला होळी पेटली की माजलगाव तालुक्यात सणांची रीघ लागते. धुळवड, पाडवा, रामनवमी, भीमजयंती, गावोगावच्या जत्रा, सप्ते, आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि मधल्या मोकळ्या दिवसांत कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाचं जावळ. पंचांगात यातल्या बहुतेकांची तिथी निराळी, देव निराळा, कथा निराळी. घराच्या उंबऱ्यात उभं राहून पाहिलं तर मात्र या सगळ्यांतून एकच सूत गेलेलं दिसतं. यातला प्रत्येक सण घरातल्या कुणा एकाचं नाव पुकारतो. होळी तान्ह्या बाळाचं, धुळवड जावयाचं, पाडवा राबणाऱ्याचं, जत्रा सासरी गेलेल्या लेकीचं आणि आखिती गेलेल्या माणसांचं. वर्षभर विखुरलेल्या घराची ही हजेरी असते. कोण आलं, कोण राहिलं, कोण नव्यानं आलं, कोण कमी झालं, ते या दीड महिन्यात कळतं. सणाचा खरा अर्थ मला या हजेरीत दिसतो.

ही हजेरी वसंतातच का, याचं उत्तर आमच्या भागाच्या पोटापाण्यात आहे. दिवाळीला घर एकत्र येतं, असं आपण सहज बोलून जातो. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत दिवाळी हा निघण्याचा सण आहे. माजलगाव तसं पाण्याचं गाव. सिंदफणेवर धरण आहे, पैठणचा उजवा कालवा जायकवाडीचं पाणी याच धरणात आणून सोडतो, तालुक्याच्या उत्तरेनं गोदावरी वाहते. कालव्याच्या पाण्यावर इथेही ऊस उभा राहतो. तरी या तालुक्यातली आणि शेजारच्या धारूर-वडवणीच्या बालाघाटातली कितीतरी माणसं दुसऱ्याचा ऊस तोडायला कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे आणि थेट कर्नाटकापर्यंत जातात. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दिवाळीच्या पाडव्याचं ओवाळणं उरकलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, वाकळा, धान्याची पोती चढतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. काही पोरं हंगामी वसतिगृहांत जेवतात, काही आजीच्या हातचं. पुढचे चार-पाच महिने त्या घराला अर्धीच माणसं असतात.

घर पुन्हा पुरं होतं ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर. ती तारीख पंचांगात लिहिलेली नसते. ऊस कमी असला तर होळीला माणसं गावात असतात. ऊस जास्त झाला तर पाडवासुद्धा उसाच्या फडावरच्या झोपडीवजा कोपीत होतो. 2021-22 च्या हंगामात ऊस इतका पिकला की मराठवाड्यातलं गाळप जूनपर्यंत चाललं. त्या वर्षी आखितीलाही कितीतरी घरांची माणसं आली नव्हती. तिथी आली होती, पुरणही शिजलं असेल, पण घर भरलं नव्हतं. सण म्हणजे तिथी की माणसं, या प्रश्नाचं उत्तर अशा वर्षी कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता एकेक नाव घेऊ. होळीला पहिलं नाव नव्या जिवाचं. घरात बाळाची पहिली होळी असली की आजोळहून साखरेच्या गाठी येतात आणि ते रंगीत हार बाळाच्या गळ्यात पडतात. मोठी मुलं त्यातली एकेक गाठी तोडून पळतात. फडावर जन्मलेलं लेकरू अनेकदा याच दिवसांत पहिल्यांदा स्वतःच्या गावात येतं. भावकीतल्या बाया येऊन त्याला पाहून जातात, तोंडावरून हात फिरवतात, कुणावर गेलंय ते ठरवतात. या पाहून जाण्यानं ते लेकरू गावाचं होतं.

दुसऱ्या दिवशी जावयाची पाळी. केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवायची रीत कितीतरी वर्षांपासून चालत आली आहे. सण जवळ आला की गावचे जावई लपून बसतात आणि गावकरी त्यांना शोधून आणतात. गळ्यात चपलांचा हार घालून, रंग उधळत, वाजतगाजत मिरवणूक निघते आणि शेवटी त्याच जावयाला नवे कपडे देऊन मान दिला जातो. बाहेरच्याला ही नुसती थट्टा वाटेल. पण एरवी ज्याच्यापुढे सासरवाडी दबून असते, ज्याला पाटावर बसवून वाढलं जातं, त्याच्याशी एक दिवस सगळं गाव बरोबरीनं वागतं. थट्टा करण्याइतका तो जवळचा झाला, याची ती जाहीर कबुली आहे. याच जावयाला अधिक महिन्यात पुन्हा बोलावणं जातं. 2026 साली वैशाख संपताच, 17 मे ते 15 जून, अधिक ज्येष्ठ आहे. माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरीला पुरुषोत्तमाचं मंदिर आहे. अधिक महिन्यात तिथे दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीत लेक-जावयाला घेऊन आलेली घरंच्या घरं दिसतात. घरी परतल्यावर पुरणाचे धोंडे आणि जावयाच्या हातावर वाण.

पाडव्याला घर रक्ताच्या नात्याबाहेर पाहतं. आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला भरतं आणि पाडव्यालाच नवं ठरतं. गुढी उभी राहते, गाठी आणि कडुलिंबाचा डहाळा तिला बांधला जातो, गूळ-लिंबाचा घास सगळ्यांच्या तोंडात पडतो, आणि मग ओसरीवर हिशेब निघतो. गेल्या सालाची उचल किती, खाडे किती, यंदा पैसे किती, धान्य किती, कपड्याचे जोड किती. ट्रॅक्टर आल्यापासून सालगडी कमी झाले, तरी पाडव्याची ही ओसरी अजून पुसली गेलेली नाही. वर्षाचा पहिला दिवस शेतात राबणाऱ्या माणसाच्या हिशेबानं सुरू व्हावा, हे मला या सणातलं सगळ्यांत भारदस्त अंग वाटतं. जिथे हा हिशेब गोडीनं मिटतो तिथे गुढी शोभते. जिथे राबणाऱ्याला कमी लेखून परत पाठवलं जातं, तिथे गुढीला रेशमी खण बांधूनही उपयोग नाही.

पाडवा झाला की ऊन तापू लागतं आणि बायकांची हजेरी सुरू होते. तिला तिथी नाही, पूजा नाही, पण माझ्या लेखी ती कुठल्याही सणाहून कमी नाही. कुरडयांचंच घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग ते वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे वरचं पाणी ओतून टाकायचं, मोठ्या पातेल्यात आधण ठेवायचं, मीठ घालायचं आणि चीक ओतून हटवायला लागायचं. इथे एकटीचं काम नाही. एकीनं पातेलं धरायचं, दुसरीनं दोन्ही हातांनी जोर लावून दांडा फिरवायचा, नाहीतर गुठळ्या होतात. चीक शिजून चकाकायला लागला की तो गरम आहे तोवरच सोऱ्यातून बाजेवरच्या धडप्यावर पडला पाहिजे. एक भरते, एक दाबते, एक बोटानं शेवट तोडते. पोरं वाटी घेऊन उभीच असतात, कारण गरम चिकावर तेल नाहीतर दूध-साखर घालून खायची मजा वर्षातून एकदाच. आठ वाजेपर्यंत गच्चीभर पांढरी वेटोळी पसरतात आणि राखणीला एखादी आजी काठी घेऊन बसते.

आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे, असा हा फेर चालतो. तीन दिवस आधी गहू भिजत घालताना कोणकोण येणार याची जुळणी झालेली असते. ज्या दोघी जावांची वर्षभर बोलाचाली बंद होती, त्या कुरडयांच्या दिवशी एका पातेल्याला दोन बाजूंनी हात लावतात. भांडण मिटवायला कुणी बसत नाही. चीक खाली लागू नये एवढीच दोघींना काळजी असते, आणि तेवढ्यात बोलणं सुरू होतं. शेवयांचंही तसंच. 2025 साली पाडवा 30 मार्चला आला आणि रमजान ईद 31 मार्चला. एका दिवशी एका गल्लीत पुरण शिजलं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गल्लीत शीरखुर्मा. त्या दिवसांत शेवया वाळत घातलेल्या गच्च्या पाहून घर कुणाचं ते सांगता आलं नसतं. 2023 साली तर 22 एप्रिलला आखिती आणि ईद एकाच दिवशी होती.

चैत्र पुढे सरकतो तशी लेकींची वाट सुरू होते. परीक्षा संपलेल्या असतात. गावच्या जत्रेला, सप्त्यातल्या काल्याच्या कीर्तनाला लेक आली पाहिजे, हा माहेरचा हट्ट असतो. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीला जाणाऱ्या गाड्यांत माहेर-सासर एकत्र बसलेलं असतं. 14 एप्रिलला भीमजयंती. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली पोरं दिवाळीला आली नाहीत तरी या दिवशी गावी येतात. आदल्या दिवसापासून घराला रंग, दारात निळा झेंडा, पोरांना नवे कपडे. रात्री मिरवणुकीत आजी, सून, नात एका रांगेत चालतात. पुस्तक हातात धरलेल्या त्या माणसानं आपल्याला माणसांत आणलं, हे आजी नातीला त्या रांगेत चालता चालता सांगते. घराची हजेरी इथे समाजाची हजेरी होते.

शेवटी आखिती. कुंभाराकडून मातीची केळी आणि करा आणायचा, गार पाण्यानं भरायचा, आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन पूजा करायची. पुरणपोळी, आमटी, कुरडई, पापड आणि आमरस. कितीतरी घरांत पितरांना दाखवल्याशिवाय आंबा कुणी तोंडाला लावत नाही. वैशाखाच्या उन्हात गेलेल्यांना सगळ्यांत आधी पाणी द्यावं, ही जाण दुष्काळ पाहिलेल्या मुलखालाच सुचावी. म्हातारी बाई नावं घेताना सासऱ्यापासून सुरू करते आणि बाळंतपणात गेलेल्या नणंदेपर्यंत येते. नातवंडं ऐकत असतात. घरात कुणाचा फोटो नसला तरी या दिवशी त्याचं नाव राहतं. जन्मलेल्यापासून सुरू झालेली हजेरी गेलेल्यांपाशी येऊन पुरी होते.

एक शंका कुणीही घेईल. हे सगळं कर्जातच नेतं ना? नेतं, हे खरं आहे. वैशाखातल्या लग्नापायी उचल घ्यायची आणि ती फेडायला पुढच्या दिवाळीत पुन्हा कोयता धरायचा, हे चक्र आमच्या भागाला चांगलं ठाऊक आहे. पण पैसा कुठे जातो ते पाहावं. कुरडयांना घरचे गहू लागतात, आखितीला मातीचं भांडं, बाळाला पाहायला नुसतं येणं. हजेरीला खर्च फार थोडा आहे. खर्च आहे तो दिखाव्याला: मांडवाला, डीजेला, गावजेवणाच्या पंगतींना. दिखावा काढला तरी सण उणा होत नाही; माणूस काढला तर मात्र काहीच उरत नाही.

आणि माणूस काढला जातोच. हजेरीत काही नावं कुणी पुकारतच नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात डाळ-पन्ह्याची वाटी सगळ्यांना मिळते, पण नवरा गेलेली सून आतल्या खोलीत थांबते. हीच बाई हंगामात एकटी अर्धा कोयता म्हणून फडात उतरते, मोळ्या डोक्यावर वाहते, उचल फेडते, पोरांना शिकवते. घर तिच्यावर चालतं आणि घराच्या हजेरीत ती नसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. कागदाचं काम तिथवर झालं. पुढचं काम उंबऱ्याच्या आतलं आहे, आणि ते ग्रामसभा करू शकत नाही. ते घरातल्या मोठ्या बाईनं करायचं असतं.

म्हणून या ओळी वाचणाऱ्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे. यंदाच्या चैत्रात दुसरं काही नवं करू नका. आपल्या घराची, भावकीची, गल्लीची नावं एकदा मनाशी मोजा, आणि ज्या बाईला आजवर आतल्या खोलीत थांबावं लागलं तिला पहिलं कुंकू लावा, पहिली वाटी तिच्या हातात द्या. राबायला आलेल्या माणसाला आपल्याच पंगतीत बसवा. एकही नाव सुटलं तर हजेरी अपुरी, आणि हजेरी अपुरी असेल तर सण झाला नाही.