दर्शन कोणाचं झालं?



मागच्या वर्षी आपल्या इंदूरच्या सत्संग मंडळातले आम्ही १४ जण नेपाळला मुक्तिनाथाच्या दर्शनाला जाऊन आलो. भेटेल तो विचारतो, "कसं झालं दर्शन?" आम्ही म्हणतो, "फार छान झालं." पण त्या उत्तरात एक गोष्ट दरवेळी राहून जाते. ती आज लिहायची ठरवली आहे.

आधी वाटेबद्दल. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसने सोनौलीची सीमा. सीमा ओलांडली तरी परदेशात आलो असं वाटेना. तीच सपाट जमीन, तीच भातशेती, तोच उकाडा. ही तराई. भगवान बुद्धांचं जन्मस्थान लुंबिनी इथेच. मग बुटवल आलं आणि डोंगर एकदम समोर उभा राहिला. गाडी जी वळायला लागली ती पोखऱ्यापर्यंत वळतच होती. पोखरा हिरवंगार, तळ्याकाठचं. बेनीपासून दोन जीप आणि कालीगंडकीची सोबत. एका अंगाला धवलगिरी, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा, दोन्ही ८००० मीटरच्या वर, आणि मधून ही नदी. जसजसं वर गेलो तशी झाडी विरळ होत गेली. जोमसोमच्या पुढे तर सगळं करडं आणि कोरडं. पावसाचे ढग पर्वताच्या अलीकडेच अडतात. सातारा माहेर असलेल्या आमच्यातल्या एकीला लगेच महाबळेश्वर आणि माण तालुका आठवला!

शाळिग्राम मिळतात ते याच नदीत. तो दगड म्हणजे प्राचीन समुद्रातल्या जीवांचे अवशेष. हिमालय वर येण्याआधी इथे समुद्र होता म्हणे. समुद्राचा पर्वत झाला, आणि आम्ही जीपमध्ये खिडकीजवळच्या जागेवरून रुसत होतो. असो.

मुक्तिनाथ सुमारे ३७०० मीटर उंचीवर आहे. राणीपौव्याला उतरलो आणि आमच्यातल्या एका काकूंना (वय ६८) भोवळ आली, डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली. विरळ हवेचा त्रास. यावर उपाय एकच, लगेच खाली उतरणं. मंदिर तर समोर दिसत होतं.

काकूंबरोबर खाली कोण जाणार?

कोणी काही बोललं नाही. एकमेकांकडे पाहिलं असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तेही खरं नाही. जो तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. शेवटी जीप चालवणारा पंचविशीतला मुलगा पुढे आला. "आमा, चला, मी नेतो खाली. तुम्ही सगळे दर्शन करून या." आम्ही सुटकेचा श्वास सोडला आणि पायऱ्या चढायला लागलो.

१०८ धारांखालून गेलो, पाणी बर्फासारखं. ज्वालामाईची ज्योत पाहिली. तिथली व्यवस्था बौद्ध भिक्षुणी पाहतात. हिंदू आणि बौद्ध दोघांचंही हे तीर्थ. डोळे भरून आले, हे खोटं नाही.

दुसऱ्या जीपने दोन फेऱ्या करून आम्हाला कागबेनीला आणलं. काकू एका चहाच्या दुकानात बसल्या होत्या. बऱ्या होत्या. त्यांच्या अंगावर त्या मुलाचं जाकीट होतं, आणि तो त्या वाऱ्यात नुसत्या शर्टावर शेजारी उभा. काकूंनी एवढंच विचारलं, "झालं ना गं दर्शन सगळ्यांचं?" त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

आम्ही वर्गणी काढून त्या मुलाला पैसे दिले. त्याने आनंदाने घेतले. पण आमचं मन काही हलकं झालं नाही.

परतीच्या वाटेवर यावर खूप बोलणं झालं. एक जण म्हणाले, "मग काय सगळ्यांनी परत फिरायचं होतं? काकूंनाही ते आवडलं नसतं." बरोबर आहे. पण प्रश्न सगळ्यांचा नव्हताच, एकाचा होता. १४ जणांत तो एक निघाला नाही, आणि जो निघाला तो आपल्या मंडळाचा नव्हता.

काशीच्या गंगेची कावड तहानलेल्या गाढवाला पाजणारे नाथमहाराज आपण कीर्तनात कितीदा ऐकले! ऐकताना आपण सगळे मनाने नाथच असतो. खरं काय ते पायरीशी आल्यावर कळतं. देश कितीही पाहिला, तराई पाहिली, हिमालय पाहिला, तरी मनाची उंची आपोआप वाढत नाही. ती त्या बुटाच्या नाडीपाशी ठरते.

म्हणून मंडळाने एक साधी गोष्ट ठरवली आहे. पुढच्या यात्रेत निघण्याआधीच दोन नावं नक्की करायची. कोणी आजारी पडलं तर ही दोघं मागे थांबणार. नियमाने प्रेम येत नाही, हे आम्हालाही कळतं. पण सवय लागते, आणि सवयीतून कधीतरी प्रेम येईल.

पहिली दोन नावं आली आहेत. त्यातलं एक काकूंचं आहे. त्यांना विचारूनच हे सगळं लिहिलं.

श्रीगुरुचरणी अर्पण. 🙏