आधी खाडीकडे धावा

‘सापडला ना, मग कशाला विषय वाढवायचा?’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नका, सर. आपल्या शाळेतला तो पोरगा तुम्हाला सापडला नाही. खाडीच्या बांधावरून येणाऱ्या बाईने त्याला हाताला धरून आणला. तोवर तुमच्या हजेरीपटावर तो हजरच होता!

म्हणे नजर चुकवून पळाला. नजर होती कुठे चुकवायला? खिचडी झाली, पोरं ताटं धुवायला नळावर गेली. तुम्हाला वाटलं तो बाईंकडे आहे, बाईंना वाटलं तुमच्याकडे. मागचं फाटक सुतळीने बांधलेलं, मी आत्ताच पाहून आले.

न्यूयॉर्कमध्येही असंच झालं होतं. ४ ऑक्टोबर २०१३ ला आव्हॉन्टे ओकेन्डो हा १४ वर्षांचा स्वमग्न मुलगा भर दिवसा शाळेच्या दारातून निघून गेला. तो पळतो, लक्ष ठेवा, असं आईने शाळेला लेखी कळवलं होतं. जानेवारीत नदीत त्याचे अवशेष मिळाले. त्यानंतर तिथल्या शाळांच्या दारांना घंटा लावायची गरज आहे का, हे तपासायचा कायदा झाला. आपल्या पोराची आई जूनमध्येच सांगून गेली होती ना, की याला पाण्याची ओढ आहे म्हणून? कुठे लिहून ठेवलंत ते? दाखवा मला.

आणि बाई, ‘तो विशेष शिक्षकांचा विद्यार्थी’ हे काय उत्तर झालं? ते फिरतीवर असतात. एरवी मूल तुमच्याच वर्गात बसतं. त्याच्या आईला ‘थोडे दिवस घरीच ठेवा’ असं कोणी सांगितलं, तेही मला कळलंय. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचा. चाळीस टक्के वा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. तुमची सोय पाहून तो मिळत नाही. खोलीत कोंडलंत, बाकाला बांधलंत, तर गाठ माझ्याशी आहे.

उद्यापासून मधल्या सुट्टीत तो कोणाच्या ताब्यात, त्याचं नाव फळ्यावर असेल. दुसऱ्याकडे सोपवताना तोंडाने सांगायचं, आणि घेणाऱ्याने ‘घेतला’ म्हणायचं. फाटकाला आजच कडी बसवा, पोराला हात घालून उघडता येणार नाही अशी. पण आग लागली तर मोठ्यांना चटकन उघडता आली पाहिजे.

दिसेनासा झाला की वर्गावर्गांत डोकावत बसू नका. एकाने खाडी आणि मिठागराकडे धावायचं, दुसऱ्याने रुळांकडे, तिसऱ्याने त्याच क्षणी घरी आणि ११२ वर फोन करायचा. नाव घेऊन ओरडलात तरी तो ओ देईलच असं नाही. पाणी आधी बघा.

आता उठा, सर, त्याच्या घरी जा. काय झालं ते आईला तुम्ही स्वतः सांगा, सगळं सांगा. बांधावरच्या बाईकडून तिला कळता कामा नये.