दोन टाके

घटस्थापनेला दोन दिवस उरले होते. सोलापूर रस्त्यावरचा एक पंक्चरवाला कॉम्प्रेसरची टाकी हातगाड्यावर घालून माझ्या वेल्डिंगच्या दुकानात आला. टाकीच्या पोटाखाली टाचणी जाईल एवढं भोक पडलं होतं. म्हणाला, "मिस्तरी, दोन टाके मारा. ज्योतवाले यायला लागलेत, आता टाकी बंद ठेवून कसं भागंल?"

तुळजापूरच्या माणसाला यावर जास्त सांगायला नको. त्या दिवसांत गावोगावची पोरं देवीची ज्योत न्यायला येतात. टेम्पो, मोटारसायकली, रात्रभर वर्दळ. टायरच्या धंद्याचा पंधरवडा तोच. तरी मी नाही म्हणालो. तो चिडला नाही, पण टाकी परत गाड्यावर चढवताना एवढं बोलला, "अण्णा असते तर चहा संपायच्या आत मारून दिलं असतं."

खोटं नव्हतं ते. माझ्या वडिलांनी १९७२च्या दुष्काळानंतर हे दुकान टाकलं. आधी कुळवाचे फण, बैलगाडीच्या धावा, पुढे उसाच्या ट्रॉल्या. पत्र्यावर हातोडी टकटक वाजवून तो कुठे पातळ झालाय हे ते सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. याला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही, कारण बॉयलर तपासणारेही पूर्वी असाच हातोडीचा आवाज ऐकत. अडचण इतकीच की तो कान अण्णांबरोबर गेला. मागे काहीच लिहिलेलं राहिलं नाही.

भोकाचं म्हणाल तर ते पडलं कसं, हे आधी बघावं लागतं. हवा दाबली की तिच्यातल्या ओलाव्याचं पाणी होतं. ते टाकीच्या तळाशी साचतं. रोज खालची चावी उघडून ते सोडून द्यायचं असतं, पण ते कोण करतो! पत्रा आतून गंजत जातो आणि एके दिवशी गंज बाहेर डोकावतो. म्हणजे भोक एका बिंदूवर दिसत असलं, तरी आजूबाजूचा तळहाताएवढा पत्रा पातळ झालेला असतो. त्यावर आर्क धरला तर भोक आणखी मोठं होण्याची शक्यता जास्त. पण मला खरी भीती वाटते ती टाका चांगला बसला तर. फुसफुस करून ती टाकी बिचारी सांगत होती की मी संपले. ते तोंड मी शिवून टाकलं असतं, आणि उरलेला पत्रा पुढे कधीतरी एकदम फाटला असता.

हे मला जन्मतः कळत नव्हतं. बॉयलर दुरुस्तीची मान्यता घ्यायला निघालो तेव्हा हळूहळू कळत गेलं. सरकारी कागदावर बॉयलरला 'बाष्पक' म्हणतात. पहिल्यांदा तो शब्द वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. धंद्यात आम्ही सरळ 'आयबीआर' म्हणतो, म्हणजे १९५०चे भारतीय बॉयलर नियम. त्यांत दुरुस्ती करणाऱ्यांचे वर्ग आहेत. सगळ्यात खालचा तिसरा वर्ग दर चौरस सेंटिमीटरला साडेसतरा किलो दाबापर्यंतचा. दूध डेअरी, सोलापूरकडचे रंगाईचे कारखाने, अशांचे लहान बॉयलर आपल्याला दुरुस्त करता यावेत, एवढीच माझी उडी.

कायद्याची गोष्ट बरीच जुनी आहे. १८६३मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली आणि पुढच्या वर्षी बंगालने आपल्यापुरता कायदा केला. सबंध देशाचा कायदा १९२३चा, आणि त्याच्या जागी १ मे २०२५पासून नवा आला. अमेरिकेतही तीच तऱ्हा. १९०५मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावी बुटांच्या कारखान्यातला जुना बॉयलर फुटला, ५८ माणसं गेली, मग तिथे नियम झाले. माझ्या पाठीला लागलेल्या प्रत्येक अटीमागे कुठेतरी एक राखेचा ढीग आहे, हे लक्षात आल्यावर मी अटींना शिव्या देणं कमी केलं. बंद केलं असं म्हणणार नाही.

मान्यतेआधी दुकान तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांनी यंत्रांकडे फारसं पाहिलंच नाही. कोपऱ्यातल्या प्लेटवर बूट टेकवून विचारलं, "ही कुठली?" म्हटलं, भंगारातली, पण माल एक नंबर आहे. ते हसले. तेव्हा मला कळलं की पोलादालाही जन्मदाखला असतो. कारखान्यातून निघताना प्लेटवर हीट नंबर ठोकलेला असतो, आणि तुकडा कापायच्या आधी तो नंबर तुकड्यावर उतरवून घ्यायचा असतो. नाहीतर कापलेला तुकडा पोरका. आमचं अर्धं दुकान पोरक्या लोखंडावर चाललं होतं.

मग वेल्डिंगचे रॉड. पोत्यावर उघड्या पडलेल्या ७०१८च्या पुड्या पाहून ते थांबले. या रॉडचं आवरण ओलावा ओढतं. तसाच वापरला तर त्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी काही तासांनी, आतून तडा जातो. तोवर गिऱ्हाईक पैसे देऊन घरी गेलेलं असतं. म्हणून रॉड भट्टीत साडेतीनशे अंशांच्या आसपास भाजायचे आणि गरम पेटीतूनच काढून वापरायचे. बालाघाटावरच्या श्रावणातल्या दमट हवेत आम्ही वर्षानुवर्षं काय वापरत होतो, हे आठवून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मारलेले जोड एकेक करून डोळ्यांपुढे येत होते.

वेल्डरची परीक्षाही मी स्वतः दिली. पंचवीस वर्षांचा हात, त्यामुळे ताठा होता. पाइप ४५ अंशांवर तिरका पक्का बांधलेला, तो फिरवायचा नाही, आपणच वाकत, गुडघ्यावर बसत त्याच्याभोवती फिरायचं. वरचा रन असा आला की माशाचे खवले मांडून ठेवावेत. मग परीक्षकांनी जोडाच्या पट्ट्या कापल्या आणि प्रेसखाली वाकवायला घेतल्या. १८० अंश वाकून पट्टी घोड्याच्या नालेसारखी व्हायला हवी. माझी पहिलीच पट्टी अर्ध्यात उघडली. कोणी काही बोललं नाही. तो तुकडा माझ्या हातात ठेवला. मुळाशी, म्हणजे रूटला, जिथे दोन्ही कडा एकमेकींत वितळायला हव्या होत्या, तिथे एक चकचकीत रेघ होती. लोखंड लोखंडाला नुसतं टेकलं होतं, मिसळलं नव्हतं. वरून पाहून ते कोणालाही दिसलं नसतं. मलाही दिसलं नव्हतं. तीन आठवडे फक्त रूट मारत बसलो, मग पास झालो.

मान्यता मिळाली म्हणून कामांची रांग लागली, असं काही झालं नाही. शिवाय वेल्डरचा दाखला ज्याच्या हाताचा त्याच्याच नावाचा असतो आणि दर दोन वर्षांनी ताजा करावा लागतो. माझ्याकडे तयार झालेला पोरगा दाखला मिळताच चाकणला गेला. वाईट वाटलं, पण त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. आता बॉयलरवाल्यांचा फोन आला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, दुरुस्तीच्या परवानगीचा कागद आला का? काही जण तिथेच फोन ठेवतात. एका साखर कारखान्यातला म्हातारा बॉयलर अटेंडंट एकदा वैतागून मालकाला म्हणाला होता, "आईसाहेब वर्षातून तीनदा निद्रा घेतात, याला एकदा तरी झोपू द्या की." आईसाहेब म्हणजे तुळजापूरची देवी. बॉयलर थंड करून, उघडून, साफ करून तपासायला द्यायचा असतो त्याबद्दल तो बोलत होता. नियमाचं इतकं सोपं भाषांतर मी दुसरीकडे ऐकलं नाही.

गंमत अशी की पंक्चरवाल्याच्या टाकीशी माझ्या मान्यतेचा काडीचा संबंध नाही. तिच्यात वाफ नसते, म्हणून ती बॉयलरच्या कायद्यात बसत नाही. कारखान्यात असती तर तेव्हाच्या फॅक्टरी कायद्याच्या ३१व्या कलमाखाली कोणीतरी तिला तपासलं असतं. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिला विचारणारं कोणी नाही. मी दोन टाके मारले असते तर कुठलाही कागद आड आला नसता.

त्याने दुसरीकडून टाके मारून घेतले की नाही, मी विचारलं नाही. दिवाळीनंतर ती टाकी मला भंगारवाल्याकडे दिसली. किलोच्या भावाने घेतली आणि ग्राइंडरने उभी चिरली. आत तांबडा चिखल. भोकाशेजारी अंगठा दाबला तर पत्रा पापडासारखा आत गेला. अर्धी टाकी दुकानाच्या दारात ठेवली आहे, जळक्या रॉडची थोटकं टाकायला बरी पडते.

पुढच्या नवरात्रात तो टायरचा स्टँड जोडून घ्यायला आला. बोलता बोलता खाली बसला, टाकीच्या कडेवरून बोट फिरवलं, एका जागी दाबून पाहिलं आणि बोट लुंगीला पुसलं.

"स्टँडचं किती झालं?" त्याने विचारलं.