न दिलेली पेशी



माझी मुलगी इथल्या हायस्कूलमध्ये दहावीत आहे. बायोलॉजीच्या वर्गात सध्या पेशीचा धडा चालू आहे. मुलांनी आधी कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, मग स्वतःच्या गालाच्या आतल्या. नंतर शिक्षिकेने विभाजन होत असलेल्या मानवी पेशींची छायाचित्रे दाखवली. त्याखाली लिहिले होते 'हीला'. हे एका बाईच्या नावावरून आले आहे, एवढे सांगून शिक्षिका पुढे गेल्या. मुलीने घरी येऊन त्या बाईची माहिती शोधली आणि रात्री जेवताना मला विचारले, "आई, तिला विचारलं असतं तर ती कदाचित हो म्हणाली असती. मग न विचारता घेतलं, त्यात एवढं काय बिघडलं?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

त्या बाईंचे नाव हेन्रिएटा लॅक्स. व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतात राबलेल्या कुटुंबातल्या त्या कृष्णवर्णीय स्त्री, पाच मुलांची आई. 1951 मध्ये गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर उपचार घेण्यासाठी त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेल्या. तिथे त्यांच्या गाठीचा एक तुकडा काढून डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवला गेला. त्याबद्दल त्यांना कुणी विचारले नाही, सांगितलेही नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या 31 व्या वर्षी, त्या वारल्या.

पेशी मात्र वाढत राहिल्या. आपली साधी पेशी प्रयोगशाळेत साधारण 40 ते 60 वेळा विभागते आणि थांबते. या पेशी साधारण दिवसाला दुप्पट होत गेल्या आणि आजही वाढत आहेत. पोलिओच्या लसीची चाचणी त्यांच्यावर झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा एचपीव्ही विषाणू ओळखण्यातही त्यांचा उपयोग झाला. त्या शोधाला 2008 चे नोबेल मिळाले आणि त्यातून लस आली. ती लस माझ्या मुलीनेही घेतली आहे. तिच्या संमतीपत्रावर मी सही केली होती. हेन्रिएटांच्या पेशींसाठी कुणी त्यांची सही मागितली नव्हती.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. डॉ. गाय लोभी नव्हते. त्यांनी पेटंट घेतले नाही, ज्याने मागितल्या त्या संशोधकाला पेशी दिल्या. असे तुकडे न विचारता घेण्याची तेव्हा सर्रास रीत होती. म्हणजे लोभ नाही, द्वेष नाही आणि लाखो लोकांचे भले. तरी मनाला काहीतरी खुपते. ते काय?

मला वाटते, याचे उत्तर आपण दर रविवारी विहारात म्हणतो त्या दुसऱ्या शीलात आहे. आपण त्याचा अर्थ 'चोरी करू नये' असा पटकन सांगून मोकळे होतो. पण मूळ शब्द आहे अदिन्नादान, म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. तिथे घेणाऱ्याने ते कशासाठी वापरले, हे विचारलेले नाही. देणाऱ्याचे किती नुकसान झाले, हेही नाही. प्रश्न एकच आहे: ते दिले होते का?

आणि जे दिले नाही, ते दानही होऊ शकत नाही. हेन्रिएटांना विचारले असते तर त्या जगातल्या फार मोठ्या दात्यांपैकी एक ठरल्या असत्या. न विचारता घेतले, तेव्हा पेशींबरोबर त्यांची 'हो' म्हणण्याची संधीही घेतली गेली. त्या दाता होऊ शकल्या नाहीत, फक्त साहित्य झाल्या. कित्येक वर्षे त्यांचे नावही 'हेलन लेन' असे चुकीचे छापले गेले. कुटुंबाला ही गोष्ट कळायला 20 वर्षांहून अधिक काळ लागला. त्यांच्या कबरीवर 2010 पर्यंत नावाचा दगड नव्हता.

यावर मुलीचा पुढचा प्रश्न होता, "पण आपण तर अनात्म मानतो. शरीर माझं नाही म्हणतो. मग पेशी तिच्या कशा?" प्रश्न चांगला आहे. पण अनात्माचा विचार माझी आसक्ती सुटावी म्हणून आहे. 'हे माझे नाही' असे मी स्वतःबद्दल म्हणू शकते. 'हे तुझे नाही' असे दुसऱ्याला सांगून त्याच्याकडून काढून घेणे, हा अनात्म नव्हे. ती सत्ता झाली.

ही सत्ता आपल्या ओळखीची आहे. आपल्या पणजोबांनी वतनाच्या नावाखाली गावकामगार म्हणून राबणे हेही 'गावाच्या भल्यासाठी'च होते. बलुते मिळे, पण नाही म्हणण्याची सोय नव्हती. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. माझ्या मते त्यामागचा प्रश्न मोबदल्यापुरता नव्हता. माणसाला विचारले जावे, हाच मुद्दा होता.

अमेरिकेतही ही एकच घटना नव्हती. अलाबामातल्या टस्कीगी इथे कृष्णवर्णीय तंत्रज्ञांनी पोलिओच्या चाचणीसाठी हीला पेशी मोठ्या प्रमाणावर वाढवल्या. त्याच टस्कीगीत 1932 ते 1972 अशी 40 वर्षे सरकारी आरोग्य खात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता पाहत ठेवला, त्यांना खरे न सांगता. विज्ञान तेच, गावही तेच. शील असले तर काय होते आणि नसले तर काय होते, हे तिथे शेजारीशेजारी दिसते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब म्हणूनच सांगतात की नुसती प्रज्ञा पुरेशी नाही, तिच्यासोबत शील हवे आणि करुणा हवी. आपली मुले इथे विज्ञानात पुढे जात आहेत, डॉक्टर, संशोधक होत आहेत. उद्या टेबलाच्या पलीकडे तीच बसणार आहेत, नमुना घेणाऱ्याच्या बाजूला. समोर एखादी गरीब, घाबरलेली, इंग्रजी नीट न येणारी बाई असेल. तिला समजेल अशा भाषेत विचारणे आणि ती नाही म्हणाली तर थांबणे, हेच त्या क्षणी दुसरे शील पाळणे होय.

2013 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या पेशींच्या जनुकीय माहितीच्या वापरावरील निर्णयात लॅक्स कुटुंबाला स्थान दिले. 2023 मध्ये थर्मो फिशर सायंटिफिक कंपनीने वारसांशी दाव्यात तडजोड केली. बाईंना जाऊन जवळपास 72 वर्षे झाली होती. उशिरा का होईना, कुणीतरी विचारले.

मुलीने प्रयोगाच्या वहीत 'हीला' खोडून 'हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी' असे लिहिले आहे. शिक्षिका त्याचे गुण देतील की नाही, माहीत नाही. मला ते योग्य वाटले. आपल्या रविवारच्या धम्मवर्गात मुलांना दुसरे शील शिकवाल, तेव्हा ही गोष्ट जरूर सांगा.

जय भीम.