पात्याचा धनी कोण?

सुरीने कांदाही चिरता येतो आणि गळाही, हे वाक्य आपण इतक्या सहजपणे म्हणून जातो की त्यात काही विचार करण्याजोगे शिल्लक असेल असे वाटतच नाही. हत्यार वाईट नसते, ते धरणारा हात वाईट असतो. एवढे म्हटले की घडवणारा मोकळा, विकणारा मोकळा आणि म्हणणारा तर सर्वांत आधी मोकळा. मी शाळामास्तर आहे. 'विज्ञान : शाप की वरदान' हा विषय मी वर्षानुवर्षे मुलांना घालत आलो, आणि दरवर्षी निम्म्याहून अधिक मुले निबंधाच्या शेवटी ह्याच सुरीवर येऊन थांबतात. त्यांना दहापैकी सहा गुण द्यायचे आणि वही मिटायची, असा आमचा परस्परांशी अलिखित करार आहे.

परंतु गेली तीन वर्षे रविवारच्या रविवार मी स्वतः सुरी घडवायला शिकतो आहे. ऐरणीवर, हातोड्याने. आणि सुरी स्वतःच्या हातून तयार होऊ लागली की ते वाक्य पूर्वीइतके गुळगुळीत राहत नाही.

भंडारा म्हटले की लोकांना पितळेची भांडी आठवतात. लोखंडाचे नाव फारसे कोणी काढत नाही. वाढई, खाती हे आमच्या भागातले सुताराचे आणि लोहाराचे शब्द. तेही आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरले आहेत. पवनीच्या वाटेवर एका गावात असा एक वृद्ध खाती अजून भट्टी पेटवतो. एका कादंबरीत मला लोहार आणायचा होता आणि तो कागदी होऊ नये म्हणून मी वही घेऊन त्याच्याकडे गेलो होतो. अवजारांची नावे विचारली, त्याने सांगितली. मग म्हणाला, "गुरुजी, लिवून घेऊन काय होते? घन धरून पाहा."

घण काही त्याने लगेच दिला नाही. पहिले कित्येक रविवार पंखा फिरवण्यात गेले. जुना चामड्याचा भाता आता आढ्याला टांगलेला आहे. त्याच्या जागी हाताने फिरवायचा लोखंडी पंखा आला आहे. पंखा फिरवणे हे हलके काम असे वाटते, पण विस्तवावर सत्ता त्याचीच. वारा जास्त झाला तर पात्याचे टोक फुलबाजीसारखे ठिणग्या टाकीत जळून जाते. कमी झाला तर लोखंड तांबूस होऊन नुसते बसून राहते. लोहाराचे घर अंधारे का असते, हे मला तिथे कळले. गरिबीमुळे नव्हे, निदान केवळ गरिबीमुळे नव्हे. उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग दिसत नाही, आणि खात्याचे सगळे शास्त्र रंगात आहे. नारिंगी असेल तेव्हा ठोकायचे; काळपट लाल झाले की हात आवरायचा, कारण त्यानंतरचा घाव पात्याला आकार देत नाही, आतून चीर देतो. ती चीर त्या दिवशी दिसतही नाही.

आमचे लोखंड म्हणजे मालमोटारीच्या मोडलेल्या कमानीची पट्टी. तिच्यात कर्ब शेकडा 0.6 च्या आसपास असतो, म्हणून ती पाणी धरते. दारे-खिडक्यांच्या साध्या गजाला कितीही पाणी पाजा, तो मऊ तो मऊच. पाते ठोकून, कानशीने घासून झाले की ते पुन्हा तापवायचे. चांगले लाल झाले, लोहचुंबकही त्याला चिकटेनासे झाले (हे साधारण 770 अंशांच्या सुमारास घडते) की त्यानंतर थोड्याच वेळात धारेची बाजू तेवढी बुडवायची. एवढ्याने धार काचेसारखी कठीण होते आणि काचेसारखीच ठिसूळही. म्हणून लगेच तिला सौम्य आच द्यायची. घासलेल्या पृष्ठभागावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. धारेवर पिवळा आला की थांबायचे. पाठीवर निळा गेला तरी चालतो. पाठीने वाकायचे आणि धारेने वाकायचे नाही, अशी ती वाटणी आहे. हे सारे काही क्षणांत आटपते. माझ्या वहीत ह्याचे चार रकान्यांचे कोष्टक आहे आणि म्हाताऱ्याने ते कौतुकाने उलटे धरून पाहिले आहे.

पण ह्या सगळ्याच्या आधी, कोळशावर ठिणगी पडण्याच्याही आधी, तो गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारतो. कशासाठी? आणि कोणाच्या हाताला? प्रथम मला हा नुसता व्यवहार वाटला, आणि तो व्यवहार आहेच. हाडावर चालणाऱ्या सुरीची धार जाड ठेवावी लागते, भाजीच्या सुरीची पातळ. बांबू फोडणाऱ्याला पाठीत वजन हवे असते. उत्तर कळल्याखेरीज पाते कसे उतरवायचे हेच ठरत नाही. मात्र हळूहळू माझ्या लक्षात आले की त्या उत्तराने लोहार बांधला जातो. ज्याने विचारले आणि ज्याला सांगितले गेले, त्याला नंतर 'मला काय ठाऊक?' असे म्हणता येत नाही.

नागपूरजवळ माहुरझरीला शिलावर्तुळे उकरली गेली तेव्हा मृतांबरोबर ठेवलेल्या लोखंडी वस्तू सापडल्या. पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर त्याच काळातली, सुमारे 2,700 वर्षांपूर्वीची, लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. धन्याबरोबर त्याचे लोखंड पुरणारी ती माणसे मला अनेकदा आठवतात. पाते कोणाचे, हा प्रश्न त्यांनी मातीतसुद्धा सोडून दिला नव्हता. पुढे गावगाड्यात बलुतेदार लोहाराला गावातला प्रत्येक फाळ, प्रत्येक विळा कोणाचा हे माहीत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' ह्या 1915 सालच्या ग्रंथात ती व्यवस्था बारकाईने मांडली आहे. तिचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. ओळख होती तिथे जखडणेही होते. लोहाराच्या पोराने लोहारच व्हायचे, आणि सुगीला मिळेल ते धान्य घ्यायचे. ती बेडी तुटली हे चांगलेच झाले. पण बेडीबरोबर तो प्रश्नही वाहून गेला. बाजारातल्या सुरीला विचारणारा कोणी नसतो.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, एक तरुण मोटारसायकलवरून भट्टीवर आला. त्याला हातभर लांबीचे, दोन्ही बाजूंना धार असलेले पाते हवे होते. म्हाताऱ्याने नेहमीप्रमाणे विचारले, "कायसाठी?" तरुण हसला. "असंच. घरी ठेवाले." म्हाताऱ्याने थोडा वेळ विस्तवाकडे पाहिले आणि म्हणाला, "दोन्हीकून धार असली का त्यानं घरचं एकबी काम होत नाही, बापू." तरुणाने दुप्पट पैसे सांगितले, मग तिप्पट. त्या आठवड्याची म्हाताऱ्याची एकूण कमाई मला माहीत होती. ती तिपटीच्या जवळपासही नव्हती. त्याने पाते केले नाही. पंधरा दिवसांनी तोच तरुण पुन्हा दिसला. तसलेच पाते त्याला घरपोच मिळाले होते, आणि स्वस्तात. त्याने ते मुद्दाम आणून दाखवले.

आता सांगा, त्या नकाराने काय साधले? जगातले एक पाते कमी झाले नाही. झाले ते एवढेच की एका गरीब माणसाचे पैसे बुडाले. माझ्याबरोबरच्या एका शिक्षकबंधूंनी हे ऐकून मला स्पष्टच विचारले, "मग नीतीचे हे ओझे त्या म्हाताऱ्यानेच का वाहावे? कोणीतरी देणारच आहे, तर त्याने का देऊ नये?"

हा युक्तिवाद फार जुना आहे आणि फार मजबूतही. त्याला कमी लेखू नये. परंतु त्यात एक गंमत आहे. तो प्रत्येकाला बोलता येतो. घरपोच पाठवणाराही म्हणेल, मी नाही तर दुसरा. कारखानदारही तेच म्हणेल. सगळ्यांनी तो केला की पाते तयार झालेले असते आणि ते कोणीच घडवलेले नसते! मी हे म्हाताऱ्याला समजावून सांगू लागलो तेव्हा त्याने माझे सगळे न ऐकताच म्हटले, "मिरते तं मिरू द्या. माया हातानं नाही मिरालं." ह्या उत्तरात जग सुधारण्याचा आव नाही, हे मला त्यात फार आवडले. आपल्या हातापुरते बोलणारा माणूस दुसऱ्याच्या हाताचा हिशेब मांडत बसत नाही.

ह्यावर कोणी गीता काढील. कर्मावर अधिकार, फळावर नाही. पण फळाची आशा धरू नये ह्याचा अर्थ फळाची चौकशीही करू नये असा आपण कधीपासून घेतला? आशा सोडायची ती स्वतःच्या लाभाची. दुसऱ्याच्या गळ्याशी त्या वचनाचा संबंध जोडणे ही आपल्या सोयीची टीका आहे.

मिखाईल कलाश्निकोव्ह ह्या रशियन माणसाच्या नावाची बंदूक जगभर गेली. तो शेतकऱ्याचा मुलगा. 2002 साली तो म्हणाला होता की शेतकऱ्यांच्या उपयोगी पडेल असे एखादे यंत्र, गवत कापणारे म्हणा, आपण शोधले असते तर बरे वाटले असते. मृत्यूच्या सुमारे दीड वर्ष आधी, 2012 साली, त्याने आपल्या धर्मगुरूंना पत्र लिहून विचारले की माझ्या बंदुकीने माणसे मेली, तर त्या मृत्यूंचा दोष माझ्याकडे येतो का? उत्तरादाखल चर्चने देशरक्षणाचा हवाला दिला. तो हवाला खोटा नव्हे. जर्मन सैन्य त्याच्या देशात शिरले होते आणि तो स्वतः त्या युद्धात जखमी झाला होता. तरीही नव्वदी ओलांडलेल्या त्या म्हाताऱ्याचे समाधान एवढ्याने झाले असेल का, ह्याची मला शंका वाटते. 'गवत कापणारे यंत्र' हे शब्द वाचले तेव्हा मला आमचा विळाच आठवला.

भंडाऱ्याच्या माणसाला तर हा प्रश्न रशियात जाऊन शोधावा लागत नाही. आमच्या जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. माझ्या वर्गात तिथल्या कामगारांची मुले बसत आली आहेत. 24 जानेवारी 2025 रोजी तिथे स्फोट झाला आणि कामगार मृत्युमुखी पडले. त्या माणसांना 'कशासाठी?' विचारायला जाणारा मी कोण? त्या प्रश्नाचे उत्तर देश देतो, आणि सरहद्दीवर उभ्या असलेल्या पोराच्या आईला ते उत्तर पुरेसे आहे. म्हणून हत्यार घडवणे हेच पाप, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. खंडेनवमीला आपण कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर तलवारीलाही हळदकुंकू लावतो. मला एवढेच वाटते की उत्तर कोणाकडे तरी असले पाहिजे, आणि ते विचारता आले पाहिजे.

गंमत म्हणजे आपल्या कायद्यालाही हा प्रश्न टाळता आलेला नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली 1962 साली जे नियम झाले, त्यांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते शस्त्रांत मोजले. पण घरकामासाठी, शेतीसाठी, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडवलेले असेल तर त्याला वगळले. 'घडवलेले', 'वापरलेले' नव्हे! म्हणजे पाते कोणाच्या हाती जाण्याआधीच त्यात एक हेतू ठोकलेला असतो, हे कायदा करणाऱ्यांनाही मान्य करावे लागले. दोन्ही बाजूंना धार असली की घरचे एकही काम होत नाही, हे आमच्या खात्याचे म्हणणे त्यांनी नऊ इंच आणि दोन इंच अशा भाषेत मांडले इतकेच.

हा सगळा विचार मी आरामखुर्चीत करीत राहिलो असतो, पण ह्या वर्षी शाळेतला एक मुलगा आडवा आला. नववीत आहे. डोक्याने तल्लख, हाताने त्याहून तल्लख, आणि रागाने ह्या दोहोंच्या पुढे. मधल्या सुट्टीतल्या दोन मारामाऱ्या त्याच्या नावावर आहेत. मला भट्टीवर जाताना पाहून त्याने विचारले, "गुरुजी, मी येऊ का? मलेबी सिकाचं हाय." शिक्षकांच्या खोलीत ह्यावर जोरदार चर्चा झाली. असल्या पोराच्या हाती सुरी घडवण्याची विद्या द्यायची? उद्या काही घडले तर धनी कोण, तो की तुम्ही? प्रश्न बरोबर होता. मी तोच तर तीन वर्षे घोळवत होतो. शिकवलेल्या गोष्टीला पाठीवर निळा आणि धारेवर पिवळा असा रंग दिसत नाही. ती कठीण झाली की ठिसूळ झाली हे वीस वर्षांनी कळते.

मी मुलाला घेऊन गेलो. म्हाताऱ्याने त्यालाही विचारले, "कायसाठी सिकतं? काय बनवतं पयले?" मुलगा गप्प. बराच वेळ गप्प. मग उठून सायकल घेऊन निघून गेला. मला वाटले, संपले. पुढल्या रविवारी तो आधीच येऊन बसला होता. म्हणाला, "मायसाठी इळा." त्याची आई धान कापणीला मजुरीने जाते. आता हार्वेस्टर यंत्रे येतात, पण बांधाकडेचे, लोळलेले आणि चिखलातले धान अजून बायकांच्या हातालाच लागते.

म्हाताऱ्याने त्याला पंख्यावर बसवले आणि सांगितले, कापणीच्या आधी मायला घेऊन ये, मूठ तिच्या हाताच्या मापाने करू. ती गेल्या रविवारी आली. पदर सावरीत, दाराबाहेरच उभी राहिली. म्हाताऱ्याने तिच्या हाती एक जुना विळा दिला आणि हवेत कापून दाखवायला सांगितले. तिने तो उजव्या हातात घेतला, जरा अडखळली आणि नकळत डाव्या हातात घेऊन सहज फिरवला. म्हातारा पाहतच राहिला. विळ्याची धार आणि दाते एकाच अंगाला काढलेले असतात. डावखुऱ्या माणसाचा विळा उलट्या अंगाने घडवावा लागतो.

"माय, तू डावखोरी व्हय का?" त्याने विचारले. "मंग इतकी वर्सं बाजारचा इळा चालवला कसा तू?"

तिने मुलाकडे पाहिले, मग विळ्याकडे.

"कोनी पुसलंच नाही," ती म्हणाली.