मातृधर्म आणि लोकपद

आईने निवडणूक लढवावी का, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील गावांना केव्हाच मिळाले आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींतील किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. सरपंचपदेही त्यात येतात. धर्मविचाराचा प्रश्न मात्र उरतो. लेकराची आणि गावाची जबाबदारी एकमेकींच्या आड आली, तर श्रेष्ठ कोणती?

परंपरेत याची उत्तरे एकसारखी नाहीत. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय स्त्रीला पिता, पती आणि पुत्र यांच्या अधीन ठेवतो. त्या चौकटीत आईला घराबाहेरचे स्वतंत्र कर्तव्यच नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रहाची कल्पना अधिक मोकळी आहे. समाजाच्या धारणेसाठी ज्ञानी माणसानेही कर्म सोडू नये, असा तिचा अर्थ टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लावला. टिळक स्वतः स्त्रीशिक्षणाच्या वादात सनातनी बाजूला होते. तरी हे तत्त्व स्त्रीला वगळायचे कारण देत नाही.

अहिल्याबाई होळकरांचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी राज्य केले आणि त्या लोकमाता ठरल्या. परंतु पुत्र मालेराव यांच्या मृत्यूनंतर कारभार त्यांच्या हाती आला होता. राज्यकर्तीला आई मानणे समाजाला जमले. कडेवर मूल असलेल्या आईला राज्यकर्ती मानणे ही वेगळी गोष्ट आहे.

विचारवंतांनीही ही अडचण बहुधा टाळली. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या पाचव्या भागात स्त्रियांना राज्यरक्षकांचा दर्जा दिला, पण त्यांची मुले दायांच्या हवाली केली. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबा भावे यांनी १९५९ मध्ये पवनार येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तेथे स्त्रियांना मिळालेला आध्यात्मिक अधिकार ब्रह्मचर्याच्या पायावर उभा होता. क्षेत्रे भिन्न असली तरी दोन्हीकडे अधिकार मिळाला तो मातृत्व बाजूला ठेवून.

ग्रामपंचायतीत मातृत्व बाजूला ठेवता येत नाही. कर्जत-खालापूरमधील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अशा घरातील आई सदस्य झाली, तर मासिक सभा आणि भट्टीवरची मजुरी यांतून तिला निवड करावी लागते. जिल्हा परिषदेवर निवडून आलेल्या आईला सभांसाठी अलिबाग गाठावे लागते. त्या दिवशी घरचे मूल कोणी पाहायचे, हे आधी ठरलेले असावे लागते. ज्या घरात ते ठरत नाही, तेथे सहीपुरती बाई आणि कारभाराला ‘सरपंचपती’ अशी वाटणी होते.

कायदाही अपत्ये मोजतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यसंख्या दोनच्या वर गेली, तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. हरियाणातील अशाच तरतुदीला धर्मस्वातंत्र्याच्या आधारेही आव्हान देण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते फेटाळले. निवडणूक लढवणे हा मूलभूत हक्क नाही, असे न्यायालयाने म्हटले. नियम स्त्री-पुरुषांना सारखाच आहे. मात्र तिसऱ्या मुलाचा निर्णय पुष्कळदा आईच्या एकटीच्या हाती नसतो. अशा वेळी जो निर्णय तिचा नव्हता त्याचे फळ तिला भोगावे लागते. कर्माची जबाबदारी कर्त्यावर, या न्यायाशी हे विसंगत आहे.

म्हणून मातृत्व ही पदाची पात्रता मानणे जितके चूक, तितकेच ती अपात्रता मानणेही. आई असल्याने कोणी आपोआप न्यायी किंवा करुणामय होत नाही. आणि मुलाचा सांभाळ हा जर धर्म असेल, तर तो बापाचा, घराचा आणि गावाचाही आहे. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्रात आहेच. सभेची वेळ, जाण्यायेण्याची सोय आणि मुलांची देखभाल यांचा भार वाटून घेतला गेला, तरच आईला उभे राहा म्हणण्यात अर्थ आहे.