तुझ्या जागी कोण जाईल?

उज्जैनला मराठी घरं पुष्कळ. शिंद्यांनी माळव्यात बस्तान बसवलं, तेव्हा फौजेच्या मागोमाग कारकून, भटजी, सोनार, शिंपी, न्हावी अशी सगळी माणसं क्षिप्रेकाठी येऊन राहिली. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, पण सगळेच काही त्यांच्यामागे गेले नाहीत. मागे राहिलेल्यांपैकी एका नाभिक घराची ही गोष्ट. घरात मराठी, रस्त्यावर माळवी आणि काखेला धोकटी, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

या घरातल्या म्हाताऱ्या वडिलांनी गोपाळ मंदिराच्या आसपासची घरं आयुष्यभर सांभाळली. कुणाची हजामत, कुणाचं जावळ, कुणाकडे लग्नातला मान. त्याबद्दल वर्षाकाठी धान्य मिळे, सणाला धोतरजोडी मिळे. पोट भरलं, अब्रू राहिली, मुलं मोठी झाली. पण बलुत्याच्या त्या धान्यातून कधी भांडवल साठलं नाही. वस्तरा, कातर, नराणी, तुरटीचा खडा आणि चामड्याचा पट्टा, एवढीच त्यांची मालमत्ता.

त्यांना दोन मुलगे. श्रावण वद्य द्वादशीला, संत सेना महाराजांच्या पुण्यतिथीला, वडील दोघांना जवळ बसवून तीच कथा सांगत. सेना महाराज राजाचे न्हावी. एकदा ते पूजेत दंग झाले. राजाचं बोलावणं येऊन गेलं तरी त्यांना भान नव्हतं. तेव्हा विठोबा स्वतः सेना न्हाव्याचं रूप घेऊन, धोकटी काखेत मारून राजवाड्यात गेला आणि राजाची हजामत करून आला.

एका वर्षी कथा संपल्यावर वडील म्हणाले, “महाराजांच्या जागी देव गेला. ती त्यांच्या भक्तीची पुण्याई. आपल्या गाठीला तेवढी नाही. म्हणून विचारतो, ज्या दिवशी तुम्हाला उठवणार नाही, त्या दिवशी तुमच्या जागी कोण जाईल?”

थोरला हसला. “बाबा, माझा हात चालतोय तोवर कुणाला पाठवायची गरजच काय?”

धाकटा काही बोलला नाही. उत्तर त्यालाही माहीत नव्हतं, पण प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला.

थोरल्याचा हात खरोखरच सोन्याचा होता. रामघाटावर तो मुंडणाला बसे. पितरांच्या कार्यासाठी सिद्धवटाला येणारे यात्रेकरूही त्याचं नाव विचारत येत. वस्तरा असा फिरायचा, की रडवं पोरसुद्धा हसत उठायचं. वरती कुणी मालक नाही, कुणाचा हिस्सा नाही, मिळेल ते सगळं त्याचं. धाकट्याचा हात साधा. तो फ्रीगंजमधल्या एका सलूनमध्ये निम्म्यावर लागला. दिवसभराच्या कामाचे अर्धे पैसे कारागिराला, अर्धे मालकाला. नातेवाईक म्हणत, “थोरल्याने नाव काढलं. धाकटा दुसऱ्याच्या आरशासमोर उभा राहतो.”

पण त्या आरशासमोर उभं राहून धाकटा नुसते केस कापत नव्हता, दुकान कसं चालतं ते शिकत होता. दुकानात तीन खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर दिवसाला साधारण चारशे रुपयांचं काम होई. दोनशे कारागिराचे, दोनशे मालकाचे. म्हणजे तीन खुर्च्यांचे मिळून मालकाला सहाशे. त्यातून भाडं, वीज, पाणी, ब्लेड, साबण, टॉवेलांची धुलाई यांत तीनशे जात. उरत तीनशे. मालक दिवसातून फार तर दोन-चार जुन्या गिऱ्हाइकांच्या दाढ्या करी, आजारी पडला तर तेवढंही नाही. तरी ते तीनशे येतच राहत.

धाकट्याने मनाशी हिशेब मांडला. पहिली दीड खुर्ची दुकानाची, पुढची दीड मालकाची. एकाच खुर्चीचं दुकान टाकून तिच्यावर कारागीर बसवला, तर भाडंही निघायचं नाही. तिथे आपण स्वतः राबलो तरी दुकान आपलं म्हणायचं आणि राबायचं मात्र मजुरासारखं. मालक व्हायचं तर तीन खुर्च्यांपर्यंत पोचायला हवं. आणि त्यासाठी आधी भांडवल हवं.

भांडवल आणायचं कुठून? घरखर्च भागवून महिन्याअखेर काही उरत नसे. म्हणून त्याने उलटीकडून सुरुवात केली. दिवसाची भवानी, म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाचे त्याच्या वाट्याला येणारे पैसे, घरी न्यायचेच नाहीत. पंधरा असोत की वीस, ते दुकानातल्या पत्र्याच्या डब्यात. डब्यातले पैसे महिन्याच्या महिन्याला पोस्टातल्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत. मंगळवारी, शनिवारी लोक केस कापत नाहीत, त्या दिवशी गिऱ्हाईक तुरळक. तरी जे पहिलं येई, त्याचे पैसे डब्यातच जात. घर उरलेल्या पैशांत चालू लागलं. थोडी ओढाताण झाली, मग सवय झाली.

त्याच सुमाराला सलूनमधल्या वर्तमानपत्रात बंगळुरूच्या रमेश बाबूंची गोष्ट आली. वडील लहानपणी गेले, त्यांच्या मागे उरलेलं सलून या मुलाने सांभाळलं, बचतीतून एक मारुती व्हॅन घेतली, ती भाड्याने दिली. एकाच्या दोन, दोनाच्या चार करत त्यांच्याकडे गाड्यांचा ताफा झाला, २०११ मध्ये रोल्स-रॉइससुद्धा आली, तरी ते रोज केस कापायचे. थोरला म्हणाला, “नशीब लागतं, बाबा.” धाकट्याच्या मनात वेगळीच गोष्ट भरली. हा माणूस खुर्चीमागे उभा असतानाही त्याची व्हॅन रस्त्यावर कमवत होती. त्याच्या जागी जाणारं कुणीतरी त्याने उभं केलं होतं.

२०१५ मध्ये मुद्रा योजना सुरू झाली. शिशु कर्ज, तारण न मागता पन्नास हजारांपर्यंत. धाकट्याकडे पोस्टाचं पासबुक होतं, त्यात वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. देवास गेटजवळच्या गल्लीत त्याने गाळा भाड्याने घेतला. कर्जाच्या आणि बचतीच्या पैशांतून जुन्या पण मजबूत अशा तीन खुर्च्या आणल्या. एकीवर स्वतः उभा राहिला, दोन कारागिरांना दिल्या.

पुढच्याच वर्षी उज्जैनचा कुंभमेळा, सिंहस्थ, आला. २२ एप्रिल ते २१ मे २०१६. अवघं उज्जैन माणसांनी भरून गेलं. धाकट्याची महिन्याची मिळकत थोरला चार दिवसांत घरी आणी. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत तो घाटावर बसून राहिला. त्या पैशांतून त्याने मुलीचं लग्न थाटात लावलं, घराला रंग दिला, मोटारसायकल घेतली, अडल्यानडल्या नातेवाइकांना मदत केली. थोरला व्यसनी नव्हता, उधळ्याही नव्हता. पैसा घरात येई आणि घरालाच लागे. चुकत होतं ते एवढंच, की त्यातला एक रुपयासुद्धा उद्या त्याच्यासाठी कामाला जाणार नव्हता.

धाकट्याने सिंहस्थातल्या कमाईतून कर्जाचा मोठा भाग फेडला. उरलेल्यातून दुकानाची वेगळी गंगाजळी काढली. नियम पुन्हा साधा होता. मालकाच्या वाट्याचा तिसरा हिस्सा दुकान बंद पडेल त्या दिवसांसाठी. त्याला हात लावायचा नाही.

दुकानातला एक कारागीर फार हुशार निघाला. गिऱ्हाइकं त्याच्यासाठी थांबून राहत. थोरल्याने भावाला सावध केलं, “अरे, एवढं मनापासून शिकवू नकोस. उद्या तो तुझ्यासमोरच दुकान टाकेल.”

धाकटा म्हणाला, “दादा, टाकणारच. मीही फ्रीगंजच्या मालकाकडून असाच शिकून आलो. समोर टाकण्याआधी आपण बरोबर टाकू.”

त्याने पहिल्या दिवसापासून प्रत्येक कारागिराला भवानीचा डबा लावून दिला होता. रोजचा हिशेब वहीत सगळ्यांसमोर लिहायचा, निम्मे पैसे रोज संध्याकाळी हातावर ठेवायचे, डब्याची किल्ली ज्याची त्याच्याकडे. त्या हुशार कारागिराच्या डब्यात पुरेसे पैसे जमल्यावर दोघांनी दुसरं दुकान काढलं. एक तृतीयांश भांडवल कारागिराचं, बाकीचं धाकट्याचं. नफा त्याच प्रमाणात. दुकान सांभाळायचं कारागिराने, आणि त्याबद्दल त्याला वेगळा मेहनताना. दुकान स्वतःचं असल्यामुळे तो सकाळी सगळ्यांत आधी येई आणि रात्री झाडू मारूनच जाई. धाकट्याला तिकडे लक्ष द्यायला दिवसाकाठी अर्धा तास पुरे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. अंगाला हात लावल्याशिवाय हा धंदा होत नाही, त्यामुळे सलूनला कुलूप लागलं. घाट ओस पडला. दोघं भाऊ एकाच वेळी रिकामे झाले. धाकट्याने गंगाजळी उघडली. त्यातून दोन्ही गाळ्यांचं भाडं गेलं आणि प्रत्येक कारागिराच्या घरी दर आठवड्याला किराण्याचे पैसे गेले. कारागीर गाव सोडून गेले नाहीत. दुकानं पुन्हा उघडली, तेव्हा सगळ्या खुर्च्या पहिल्याच दिवशी चालू झाल्या.

थोरल्याची मोटारसायकल तोवर विकली गेली होती. घाट पुन्हा भरायला लागला, पण वर्षानुवर्षं वाकून बसून त्याचा उजवा खांदा आखडला होता. वस्तरा धरला की हात कापे. कापत्या हातात कुणी आपलं डोकं देत नाही. पन्नाशी उलटलेला तो सोन्याचा हात घरी बसला.

एके दिवशी तो भावाच्या दुकानात येऊन बाकावर बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाबांनी विचारलं होतं, तेव्हा मी हसलो होतो.”

धाकट्याने त्याला पैसे पुढे केले नाहीत. म्हणाला, “दादा, तुझा हात थकलाय, तुझं कसब थकलेलं नाही. माझ्याकडची पोरं मशीन छान चालवतात, पण उघड्या वस्तऱ्याने दाढी करायला घाबरतात. लहान मुलाचं जावळ काढताना मूल कसं धरायचं, हे त्यांच्यातल्या एकालाही येत नाही. तू शिकव. शिकवण्याचे पैसे रोज मिळतील. फक्त त्यातले भवानीएवढे पैसे घरी न्यायचे नाहीत, डब्यात टाकायचे.”

थोरल्याला वाटलं, या वयात डबा काय भरणार? पण तो बसला. बसल्या जागेवरून शिकवू लागला. त्याचा मुलगा आणि आणखी दोन पोरं त्याच्या हाताखाली तयार झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकालेश्वर मंदिराजवळचा महाकाल लोक हा परिसर उघडला आणि यात्रेकरूंची गर्दी वाढली. २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली. अठरा पारंपरिक व्यवसायांत न्हाव्याचा व्यवसायही होता. थोरल्याच्या मुलाने नाव नोंदवलं, प्रशिक्षण घेतलं, पाच टक्के व्याजाने एक लाखाचं पहिलं कर्ज उचललं. त्यात थोरल्याच्या डब्यातले पैसे घातले आणि सिद्धवटाच्या रस्त्याला तीन खुर्च्यांचं दुकान लागलं. पहिली दीड खुर्ची दुकानाची, पुढची दीड मालकाची, हा हिशेब आता थोरला पोरांना समजावून सांगतो. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. त्याची तयारी म्हणून त्याने एकच गोष्ट ठरवली आहे. त्या दिवसांतली कमाई कितीही असो, तिचा तिसरा हिस्सा खर्चाच्या यादीत येणारच नाही.

कसब ही मोठी दौलत आहे, आणि कष्टाने कमावलेल्या भाकरीपुढे कुणाचीच भाकरी मोठी नाही. पण हात शरीराचा आहे, तो एक दिवस थकणारच. म्हणून ज्या दिवसांत तो चालतो, त्या दिवसांतच त्याच्या कमाईतून आपल्यामागे चालत राहील असं काही उभं करावं. आणि ज्यांच्या हातांवर ते उभं राहतं, त्यांनाही त्यात वाटेकरी करून घ्यावं.

तात्पर्य : किती मिळवलं यावरून माणूस मालक होत नाही. खर्चाआधी बाजूला काढलेला वाटा आणि आपल्याबरोबर मोठी केलेली माणसं, हेच त्याला मालक करतात.